लेखकांबद्दलची पुस्तकं जोडीने वाचा

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. गेली काही वर्षं एक वेगळाच नाद लागला आहे. कथा-कादंबऱ्यांपेक्षा त्या कशा लिहिल्या गेल्या, लिहिणारी माणसं कशी होती, भाषा कशी चालते, याबद्दलचीच पुस्तकं मी जास्त वाचते. 'प्रतिभासाधन' झालं, 'टीकास्वयंवर' अर्ध्यावर आहे, शुद्धलेखनाची दोन पुस्तकं झाली, 'स्मृतिचित्रे', 'झोंबी', 'आहे मनोहर तरी' झाली. शिवाय लेखन कसं करावं सांगणारी काही इंग्रजी पुस्तकं. पेन्सिलीने खुणा करते, पण पुस्तक मिटलं की हाती काही उरत नाही. एक लेखक म्हणतो तंत्र शिका, दुसऱ्याला तंत्राचं नावही नको. व्याकरणाची पुस्तकं वाचल्यापासून दोन ओळी लिहायची धास्ती बसली आहे. 'आहे मनोहर तरी' हे सुनीताबाई देशपांड्यांचं पुस्तक वाचल्यापासून त्यांचे पती पु. ल. पूर्वीसारखे वाचता येत नाहीत. या सगळ्या वाचनावर काही लिहावंसं वाटतं, पण लिहायला बसलं की शाळेतल्या 'पुस्तक परिचया'सारखं होतं. आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश विकत घ्यावा का, तेही सांगा.

उत्तर : यादी चांगली आहे आणि खुणा करायची सवयही चांगली आहे. अडचण एकच दिसते. ही पुस्तकं तुम्ही एकेकटी वाचता. लेखनाबद्दलचं पुस्तक नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी पानांबद्दल बोलत असतं. ती पानं समोर नसली की वाचणाऱ्याकडे नुसती मतं जमा होतात, आणि उसनी मतं डोक्यात फार दिवस टिकत नाहीत. तेव्हा लेखनाबद्दलचं, भाषेबद्दलचं किंवा लेखकाच्या आयुष्याबद्दलचं पुस्तक उघडण्याआधी त्याचा जोडीदार ठरवून टाका. जोडीदार म्हणजे ज्यावर हे पुस्तक पडताळून पाहता येईल असं लेखन. अख्खी कादंबरी लागत नाही. एखादी कथा, एखादा लेख, दहा-पंधरा पानं पुष्कळ झाली. मूळ पुस्तकाचं एक प्रकरण वाचायचं आणि लगेच जोडीदाराकडे वळायचं. दोन्ही पुस्तकं टेबलावर एकाच वेळी उघडी हवीत. 'हे संपवून मग ते' केलं की पडताळणी होत नाही, आधीच्या पुस्तकाचा नुसता वास उरतो.

'प्रतिभासाधन'पासूनच सुरुवात करू. हे पुस्तक 1931चं. ना. सी. फडके त्या काळात स्वतः कादंबऱ्या लिहीत होते, 'दौलत' त्याच सुमाराची. कथानक कसं बांधावं, गुंतागुंत कुठे आणावी, सुरुवात आणि शेवट कसा साधावा याबद्दल ते जे सांगतात, ते त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातून निघालेलं आहे. म्हणून पहिला जोडीदार 'दौलत'ची पहिली दोन प्रकरणं. फडक्यांच्या अपेक्षा तुमच्या शब्दांत एका कागदावर उतरवा, पाचांहून जास्त नकोत. मग प्रत्येक अपेक्षा कादंबरीत नेमकी कुठल्या ओळीत पुरी होते ते शोधा आणि पानाचा क्रमांक लिहा. हे झालं की तोच कागद व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधल्या 'धर्मा रामोशी'ला लावून बघा. ते पुस्तक 1949चं. कागदावरच्या किती अपेक्षा तिथे पुऱ्या होतात? ज्या होत नाहीत त्यांच्यापुढे लिहा, 'मग हे लेखन कशावर उभं आहे?' या प्रश्नाचं उत्तर लिहायला एक संध्याकाळ द्या. बोलणं, वस्तू, लेखकाने न सांगता सोडून दिलेल्या गोष्टी, जे सापडेल ते ओळीसकट टिपा.

इतकं केलं की 'एक म्हणतो तंत्र शिका, दुसऱ्याला नको' हा पेच बराचसा सुटेल. ही माणसं वेगवेगळ्या लेखनाबद्दल बोलत आहेत. फडक्यांच्या समोर घट्ट कथानकाची गोष्ट होती. 1945 नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि माडगूळकर लिहू लागले, तेव्हा त्यांना तो साचा पुरेना. आणखी पुढे भालचंद्र नेमाडे आले. 'कोसला' 1963ची, 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा लेख 1968चा. त्या लेखात कथा कशी बांधावी हा प्रश्नच नाही. लिहिणारा माणूस प्रतिष्ठेच्या मागे लागला की त्याच्या लेखनाचं काय होतं, हा आहे. आता या लेखातलं वाक्य फडक्यांना उत्तर म्हणून वाचलं तर गोंधळ होणारच. असल्या प्रत्येक पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा. हे कोणत्या वर्षी लिहिलं, तेव्हा लेखक स्वतः काय लिहीत होता, आणि तो कोणाशी भांडतो आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. लेखनावरची बहुतेक पुस्तकं कोणाशी तरी भांडण म्हणूनच लिहिलेली असतात. ते भांडण कळलं नाही की सल्ला सर्वकाळचा वाटायला लागतो.

नेमाड्यांचंच 'टीकास्वयंवर' अर्ध्यावर राहिलं याचं वाईट वाटून घेऊ नका. तो वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या लेखांचा संग्रह आहे, सलग वाचून संपवायचा ग्रंथ नाही. ज्या लेखाचा जोडीदार तुम्ही वाचलेला आहे तेवढाच लेख घ्या.

इंग्रजी पुस्तकांबाबत जरा थांबून बोलायला हवं, कारण मराठीत लिहू पाहणाऱ्यांचं नुकसान तिथे जास्त होतं. त्या पुस्तकांतले नियम इंग्रजी वाक्यासाठी केलेले आहेत. जॉर्ज ऑर्वेलने 1946च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात पॅसिव्ह टाळा असं सांगितलं. स्टीफन किंग 2000 सालच्या पुस्तकात क्रियाविशेषणांवर तुटून पडतो. दोघांचंही म्हणणं त्यांच्या भाषेपुरतं कामाचं आहे. पण 'कर्मणी प्रयोग टाळा' असा त्याचा मराठी अवतार करून कोणी पाळू लागलं तर त्याला भूतकाळच लिहिता येणार नाही. 'मी लेख लिहिला', 'मी कविता लिहिली', 'मी पत्र लिहिलं' या तिन्ही वाक्यांत क्रियापद लेख, कविता, पत्र यांच्यामागे चालतं. आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. तरीही तिन्ही वाक्यांत 'मी' पुढे उभा आहे, कर्ता कुठेही लपलेला नाही. कर्ता लपतो तो 'निर्णय घेण्यात आला', 'सूचना देण्यात आल्या', 'त्यांच्याकडून सांगितलं गेलं' या सरकारी वळणात. पतसंस्थेच्या परिपत्रकांत ही वाक्यं तुम्ही रोज वाचत असाल. ती दिसली की 'कोणी?' असा प्रश्न विचारा आणि उत्तर वाक्यात आणा. 'समितीने निर्णय घेतला.' कर्ता खरोखरच बिनमहत्त्वाचा असेल, 'चोर पकडला गेला' यासारखा, तर वाक्य तसंच राहू द्या.

क्रियाविशेषणांचं तसंच. झटकन, गपकन, टकामका, तुरुतुरु हे शब्द मराठीत चित्र उभं करतात. ते इंग्रजी नियमाखाली छाटले तर वाक्य कोरडं पडतं. छाटायचे ते 'पणे' आणि 'पूर्वक' लावून केलेले शब्द, म्हणजे गंभीरपणे, शांतपणे, काळजीपूर्वक, जाणीवपूर्वक. आणि अत्यंत, अतिशय, खूप, एकदम ही भरती. आखूड वाक्यांचा आग्रहही सांभाळून घ्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मध्ये फार सामान भरलं तर वाचणारा ताटकळतो, हे खरं. पण 'उठून, तोंड धुऊन, चहा टाकून बसली' ही साखळी लांब असूनही सहज वाचली जाते, कारण प्रत्येक पायरीवर एक क्रिया पुरी होते. तिचे चार तुकडे केले की वाचणाऱ्याला ठेचा लागतात. आणि 'तो माणूस, जो काल आला होता, तो' हे वळण अजिबात नको. 'काल आला होता तो माणूस' किंवा 'जो माणूस काल आला होता तो' एवढं आपल्याकडे आहे, ते पुरतं.

थोडक्यात इंग्रजी पुस्तकाचा जोडीदार नेहमी मराठी पान असू द्या. नियम वाचला की तो लक्ष्मीबाई टिळकांच्या किंवा माडगूळकरांच्या एका पानावर चालवून बघायचा. चांगलं पान त्या नियमाने बिघडत असेल तर नियम आपला नव्हे. लेखक स्वतःच्याच लेखनाबद्दल बोलतो असं मराठी पुस्तक हवं असेल तर अनिल अवचटांचं 'माझ्या लिखाणाची गोष्ट' घ्या आणि जोडीला त्यांचंच 'माणसं'. इथे जोडीदार शोधायची मेहनतही नाही.

आता शुद्धलेखनाची धास्ती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962मध्ये आले तेव्हा 14 होते, 1972मध्ये 4 वाढले. एकूण 18. अख्खे नियम उदाहरणांसकट थोड्याच पानांत मावतात. मो. रा. वाळंबे, यास्मिन शेख, अरुण फडके यांची पुस्तकं हे नियम उलगडून सांगतात आणि शब्दांच्या याद्या देतात. ती संदर्भाला बाजूला ठेवायची पुस्तकं आहेत, कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचली तर भीतीच वाटणार. यांचा जोडीदार म्हणजे तुमचंच लेखन. स्वतः लिहिलेली दोन पानं घ्या, कोशात बघून प्रत्येक शंकेचा शब्द तपासा आणि सापडलेल्या चुका प्रकारवार लावा. बहुतेकांच्या चुका मोजक्याच प्रकारच्या असतात आणि त्याच त्या परत येतात.

सर्वांत मोठा ढीग बहुधा ऱ्हस्व-दीर्घाचा निघेल. त्यातही दोन-तीन गोष्टी पक्क्या केल्या तर ढीग निम्म्यावर येतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, मी, ही, की. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' हे अपवाद. पण समासात संस्कृतातून जसाच्या तसा आलेला ऱ्हस्व शब्द आधी आला तर तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून कविराज आणि बुद्धिवैभव. मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, जसं गरीब, वकील, फूल, सून. प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व होतं : गरिबाला, वकिलाला, फुलाला, सुनेला. संस्कृत शब्द मात्र आपला ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीत, त्यामुळे गुण आणि विष ऱ्हस्व, आणि शरीर, शरीराला दोन्हीकडे दीर्घ. नवशिके अडकतात ते इथेच, कारण शब्द संस्कृत की मराठी हे डोळ्यांना दिसत नाही. तिथे तर्क लढवू नका, कोश उघडा. दुसरा ढीग 'रहाणे-पहाणे'चा. राहणे, पाहणे, वाहणे असं लिहायचं आणि आज्ञा करताना राहा, पाहा.

ही तुमची स्वतःची चुकांची यादी एका पानावर मावली पाहिजे. ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. पहिला खर्डा लिहिताना तिच्याकडे बघायचंही नाही आणि कोश उघडायचा नाही. शंका आली की शब्दाखाली रेघ ओढून पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी फक्त त्या रेघा आणि ती यादी घेऊन बसायचं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघायचा नाही, फक्त वाक्य अडखळतं कुठे ते ऐकायचं. तिन्ही कामं एकाच बैठकीत केली की पहिल्याच ओळीवर हात थिजतो. तुमच्या धास्तीचं कारण व्याकरणापेक्षा हे असावं.

यात एक सावधगिरी. 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत हाती लागली तर तिथे कांहीं, नांव, घरांत असे अनुस्वार दिसतील. त्या चुका नव्हेत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार 1962च्या नियमांनी काढले. अवतरण देताना तुमच्या हातातल्या प्रतीत जसं आहे तसंच उतरवा, आणि ती कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षाची, हे सोबत लिहा. आवृत्ती बदलली की पानांचे क्रमांकही बदलतात.

लेखकांच्या आयुष्यावरच्या पुस्तकांकडे येऊ. पत्राचा खरा जीव तिथेच आहे असं वाटलं.

आत्मचरित्र वाचताना वहीचं एक पान आडवं धरून तीन रकाने करा. पहिल्यात घटनेचं वर्ष, दुसऱ्यात लेखकाची पुस्तकं कधी आली ती वर्षं, तिसऱ्यात ही आठवण कधी छापून आली ते वर्ष. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं पान असं होईल : त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले 1895मध्ये, वारले 1919मध्ये. 'स्मृतिचित्रे'चे भाग आले 1934 ते 1936, आणि 1936मध्येच लक्ष्मीबाई गेल्या. म्हणजे धर्मांतराचा तो भयंकर काळ वाचकापुढे आला चाळीसेक वर्षांनी. तोवर सांगणारी बाई स्वतः ख्रिस्ती झालेली आहे, संसार पुन्हा जुळून संपलेला आहे, नवरा जाऊन बराच काळ लोटला आहे. त्या पुस्तकातला विनोद या अंतरातून येतो. घटना घडताना त्या हसत नव्हत्या. हे रकाने भरले की मग सुरुवातीचं वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन पुन्हा वाचा. तिथलं एक पान हाताने उतरवून काढा, सावकाश. विशेषणं किती आणि क्रियापदं किती ते मोजा. राग कुठल्या शब्दात आहे ते शोधा. बहुतेक जागी तो शब्दात सापडणार नाही, नुसत्या कृतींच्या क्रमात सापडेल. लक्ष्मीबाईंबद्दलची दहा भाषणं ऐकून जे कळत नाही ते एक पान उतरवताना कळतं.

आनंद यादवांचं 'झोंबी' 1987चं. हे पुस्तक स्वतःला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणवतं, आणि हे बिरूद सजावटीचं समजू नका. त्यातल्या प्रसंगाचा आधार घेऊन 'आनंद यादवांच्या आयुष्यात असं झालं' असं लिहिणं कच्चं. 'झोंबीतला आनंदा' म्हणा. त्याला दोन जोडीदार आहेत. एक पु. लं.ची प्रस्तावना, ती पुस्तकातच आहे. ती शेवटी वाचा, नाहीतर पु. लं.चे डोळे लावून सगळं पुस्तक वाचलं जाईल. दुसरा 'गोतावळा', 1971चा. तिथे निवेदनच कोल्हापूरकडच्या बोलीत आहे, 'झोंबी'त निवेदनाची भाषा निराळी. एकाच लेखकाने एका जगासाठी दोन भाषा का वापरल्या, या प्रश्नावर तुम्हाला चांगलं टिपण लिहिता येईल. आणि 'मी' म्हणजे कोण हा प्रश्न आवडत असेल तर दया पवारांचं 'बलुतं' (1978) लगेच पुढे घ्या. तिथे दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण शिकून-सवरून पांढरपेशात गेलेला तो आणि मागे राहिलेला तो असे दोघे समोरासमोर बसवले आहेत. ही युक्ती नाही. तसं केल्याशिवाय ती गोष्ट सांगताच आली नसती.

सुनीताबाईंचं पुस्तक 1990मध्ये आलं तेव्हा पु. ल. हयात होते. त्यामुळे तेव्हापासूनच ते 'पु. ल. घरात कसे होते' याचा खुलासा म्हणून वाचलं गेलं, आणि तुमच्याही वाचनात तसंच झालेलं दिसतं. तसं वाचलं की दोन्ही लेखक हातचे जातात. ते सुनीताबाईंचं पुस्तक आहे. त्यात आठवणी एकीतून दुसरीत जातात, काळाचा क्रम त्या पाळत नाहीत, आणि सर्वांत कडक तपासणी त्या स्वतःची करतात. एकदा केवळ हे बघत वाचा : कुठल्या पानावर त्या स्वतःच्या बाजूने बोलतात आणि कुठे स्वतःच्या विरुद्ध. दोन रंगांच्या पेन्सिली पुरतील. पु. लं.ची पानं आपोआप मागे सरकतील.

जोडीदार म्हणून 'बटाट्याची चाळ' मुळीच घेऊ नका, तीच चूक परत होईल. 'प्रिय जी. ए.' घ्या. सुनीताबाईंनी कथाकार जी. ए. कुलकर्णींना लिहिलेली ही पत्रं. जी. एं.ची निवडक पत्रंही चार खंडांत आहेत, वाचनालयात मिळाली तर दोन्ही बाजू शेजारी ठेवता येतील. पत्र आणि आत्मचरित्र यांत मोठा फरक आहे. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसतं, आत्मचरित्र लिहिणाऱ्याला माहीत असतं. जी. ए. 1987मध्ये गेले. त्याआधीच्या पत्रांत सुनीताबाई ज्या स्वरात स्वतःबद्दल बोलतात आणि 1990च्या पुस्तकात ज्या स्वरात बोलतात, ते शेजारी ठेवून बघा. पत्र एकाच वाचणाऱ्यासाठी असतं हेही विसरू नका. जी. एं.सारख्या माणसाला लिहिताना कोणीही थोडं जास्त नेटकं लिहील.

पु. ल. परत कसे वाचायचे, तर काही महिने जाऊ द्या आणि मग पूर्वी न वाचलेलं काहीतरी घ्या. ओळखीच्या पानावर जुन्या हशाची वाट बघत बसलं की तो येत नाही. वाचायच्या आधी लेखकाबद्दल काही आठवलं तर आठवू द्या. त्याला हाकलण्यात शक्ती घालवू नये.

टिपणांबद्दल. नुसत्या खुणा निरुपयोगी, कारण खूण 'इथे काहीतरी आहे' एवढंच सांगते. मऊ पेन्सिलीने समासात एक शब्द लिहा : 'खरं?', 'उलट', 'फडके', 'कधी?'. प्रकरण संपलं की पुस्तक बंद करून वहीत दोन-तीन वाक्यांत त्याचं म्हणणं लिहा. बघून लिहिलं तर ती नक्कल होते आणि पुन्हा काही उरत नाही. मग पुस्तक उघडून एकच अवतरण उतरवा, तीस शब्दांच्या आत, पानाच्या क्रमांकासह. खाली जोडीदारातलं उदाहरण. शेवटी तुमचं म्हणणं, एक वाक्य तरी. तिथे 'पटलं' लिहायचं नाही. का पटलं किंवा कुठे अडलं ते लिहायचं. एका पुस्तकाला वहीची चार-पाच पानं पुष्कळ. जास्त होऊ लागली की समजा, उतरवून काढणं सुरू झालं. वॉट्सॅपवर फिरणारी लेखकांची वचनं या वहीत येऊ देऊ नका. पुस्तक आणि पान सांगता येत नाही ते वचन त्या लेखकाचं धरायचंच नाही.

लेख लिहायला बसाल तेव्हा परिचयासारखं होतं, कारण सुरुवात लेखकाच्या जन्मापासून किंवा पुरस्कारापासून होते आणि मग प्रकरणवार सारांश येतो. त्याऐवजी वहीतला 'उलट' किंवा 'कधी?' असा एक शब्द निवडा. तो एकच प्रश्न, दोन पुस्तकं, सहाशे ते आठशे शब्द. पहिल्या शंभर शब्दांत प्रश्न आणि दोन्ही पुस्तकांची नावं, वर्षं. मधला मोठा भाग एका छोट्या उताऱ्याजवळ बसून घालवा. तो उतारा कसा चालतो ते ओळीने सांगा, वाचकाला पुस्तक माहीत नाही असं धरून. मग दुसरं पुस्तक आणा. उत्तर सापडलं नसेल तर ते कुठे अडलं तिथवर आणून थांबा, उगीच गाठ मारू नका. अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य, अंतर्मुख करणारं हे शब्द खोडा. प्रत्येक वाक्याला विचारा की हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकाबद्दल जसंच्या तसं म्हणता येईल का. येत असेल तर तेही खोडा. पहिल्या खर्ड्यात निम्मी वाक्यं जातील, त्याने खचू नका.

अवतरणांचं कायद्याच्या अंगानेही बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क (कॉपीराइट) राहतो. लक्ष्मीबाईंचं लेखन कधीच मुक्त झालं. ना. सी. फडके 1978मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क 2038 अखेरपर्यंत. समीक्षेसाठी थोडा भाग उद्धृत करायला हरकत नसते, पण अख्खी कविता किंवा अख्खं पत्र छापणं ही वेगळी गोष्ट. पत्रांचा हक्क ती ज्याला आली त्याच्याकडे नसतो, लिहिणाऱ्याकडे असतो.

दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे 1932 ते 1938मध्ये निघालेले सात खंड आणि 1950ची पुरवणी, एवढा तो संसार आहे. तुमच्या कामासाठी विकत घ्यायची गरज नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो, मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. शब्दाचा अर्थ, जुने वापर, बोलीतली रूपं यांसाठी हे दोन्ही उत्तम. शुद्धलेखनासाठी मात्र ते उघडू नका. दोन्ही 1962च्या आधीचे, त्यांतलं लेखन जुन्या वळणाचं आहे, आणि तुमची नुकतीच कमी होऊ लागलेली धास्ती पुन्हा वाढेल. पैसे खर्च करायचेच असतील तर यास्मिन शेखांचा 'मराठी शब्दलेखनकोश' किंवा अरुण फडक्यांचा 'मराठी लेखन-कोश', यांतला एक घ्या. दोन्ही घेतलेत तर काही शब्दांपाशी दोघांचं जुळणार नाही आणि तुम्ही तिथेच अडकून बसाल.